बंब कमानीबाहेरच थांबला



गेल्या हंगामाच्या अखेरची गोष्ट. पट्टा पडायला पंधरा-वीस दिवस राहिले होते. रात्री साडेअकराच्या सुमारास टाइम ऑफिसात फोन वाजला. त्या दिवसांत असा फोन आला की तो उसाचाच असायचा. तारा घासतात, ठिणगी पडते, फड पेटतो आणि सकाळी शेतकी खात्याची मंडळी जळीत उसाची नोंद घ्यायला धावतात. पण हा फोन उसाचा नव्हता. कारखान्यापासून चार-साडेचार किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याला लागून जे नवे प्लॉटिंग झाले आहे, तिथे एक घर पेटले होते.

आपला बंब पाच मिनिटांत गेटाबाहेर पडला. नगरपालिकेचा बंब तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेला होता, तेव्हा सगळी भिस्त आपल्याच गाडीवर. आमच्यापैकी दोघेजण रात्रपाळीचे वृत्त घ्यायला म्हणून कारखान्यावरच होते, तेही मागोमाग मोटरसायकलवर निघाले. रस्ता मोकळा, गाडी भरलेली, माणसे तयार. प्लॉटिंगच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत सारे काही जसे व्हायला हवे तसेच झाले.

आणि तिथे बंब थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून वर पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, आणि म्हणाला, "न्हाई जात सायेब. वरची पट्टी लागतीया."

पट्टी म्हणजे कमानीची. प्लॉटिंगच्या तोंडाशी दोन खांब आणि वर काँक्रीटची आडवी तुळई टाकून सुरेख कमान बांधलेली आहे, तिच्यावर नगराचे नाव, दोन्ही बाजूंना कलश. बांधली तेव्हा तिच्याखाली अकरा फूट उंची होती असे सांगतात. पुढे रस्त्यावर मुरूम पडला, त्यावर खडी पडली, डांबर झाले, आणि मागच्या वर्षी वर पेव्हर ब्लॉक बसवले. आम्ही नंतर टेप लावून मोजले: पावणेदहा फूट. आपला बंब साडेदहा फूट उंच आहे.

आता एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. या कमानीच्या उद्घाटनाचा फोटो आमच्याच पत्रिकेत, दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकात छापून आला होता. 'नगराच्या वैभवात भर' असा मथळा आम्हीच दिला होता. फीत कापणारे, नारळ फोडणारे, टाळ्या वाजवणारे सगळे आपलेच. कमानीखालून बंब जाईल का, हा प्रश्न त्या दिवशी एकाच्याही मनात आला नाही. आमच्याही नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. पेटलेले घर कमानीपासून ऐंशी मीटर आत. आपल्या माणसांनी पंधरा-पंधरा मीटरच्या सहा नळ्या एकाला एक जोडल्या. वाटेत वाळूचा ढीग, विटांचा थर, एक उभी केलेली चारचाकी आणि एक ट्रॉली. अंधारात त्या सगळ्याला वळसे घालून नळी ओढत न्यायची. पाणी सुरू होईतो पोर्च, पुढची खोली आणि माळवदापर्यंतचा जिना जळून गेला होता. आग लागली ती पोर्चमधल्या मीटरच्या पेटीत, आणि पेटीच्या खाली मोटरसायकल उभी. म्हणजे घराचे एकुलते एक दारच पेटलेले. खिडक्यांना गज. मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली, मागे दार ठेवायला जागाच नाही. घरातली माणसे जिना पेटायच्या आत गच्चीवर गेली आणि शेजारच्या गच्चीवर उतरली म्हणून वाचली. म्हातारीला मात्र उचलून न्यावे लागले, तिचे दोन्ही हात भाजले. तिला बाजेवर घालून कमानीपर्यंत आणले, कारण १०८ ची गाडी कमानीखालून आत आली खरी, पण ट्रॉलीपाशी अडकली.

ते कुटुंब आपल्या सभासदाचे. ज्याने प्लॉट पाडले तोही सभासद. कमानीला वर्गणी देणाऱ्यांत निम्मे आपले निवृत्त कामगार. बाहेरचा कोणी आला आणि आपले वाटोळे करून गेला असे इथे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच या अंकात हा विषय घ्यायचा असे आम्ही ठरवले.

रस्त्याचे गणित प्रत्येकाला घरबसल्या करता येईल. समजा तुमचा एक एकराचा तुकडा आहे, १३२ फूट रुंद आणि ३३० फूट लांब. मधोमध रस्ता, दोन्ही हातांना प्लॉट. सरकारची २०२० सालची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सांगते, की रहिवासी रेखांकनात १५० मीटर लांबीपर्यंतचा आतला रस्ता किमान ९ मीटर रुंद हवा, म्हणजे जवळजवळ ३० फूट. त्याहून लांब असेल तर ३०० मीटरपर्यंत १२ मीटर, आणि पुढे १५. आपला रस्ता ३३० फूट म्हणजे शंभर मीटर, तेव्हा ३० फूट धरा. तीनशे तीस गुणिले तीस, ९,९०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे रस्त्याखाली नऊ गुंठे गेले. आता तोच रस्ता १५ फुटांचा काढला तर साडेचार गुंठे जातात, साडेचार गुंठे वाचतात. आमच्या भागात गुंठ्याचा भाव काय चालला आहे ते आम्ही सांगण्याची गरज नाही.

साऱ्या प्रकरणाचे मूळ या साडेचार गुंठ्यांत आहे. प्लॉट पाडणाऱ्याला शिव्या देणे सोपे असते. पण मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज आणि विहिरीचा खर्च डोक्यावर असलेल्या माणसाला कोणी कानात सांगितले, की "तात्या, रस्ता जरा आवळा, साडेचार गुंठे सुटतील," तर त्याचा हात थरथरेलच. आणि घेणाराही काही कमी नाही. प्लॉट बघायला गेल्यावर आपण पूर्व-पश्चिम बघतो, बोअरला पाणी किती लागेल ते विचारतो, देऊळ किती लांब ते विचारतो. किती जणांनी टेप काढून रस्ता मोजला आहे?

गंमत अशी, की शेताच्या वाटेच्या बाबतीत आपण एवढे गाफील नसतो. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून फडात यायचा असेल तर वाट किती लागते, वळायला जागा किती लागते, हे पोरालासुद्धा ठाऊक असते. वाट नसेल तर ऊस फडातच राहील, म्हणून आपण बांधावर भांडतो, महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतो, मामलेदार न्यायालयाच्या १९०६ च्या कायद्याखाली अडवलेला रस्ता खुला करून घेतो. उसाच्या वाटेसाठी पिढ्यान् पिढ्या भाऊबंदकी चालते. आणि त्याच जमिनीत घरे उभी करायची वेळ आली की ट्रॅक्टरपेक्षा अवजड गाडीला पंधरा फूट पुष्कळ झाले असे आपल्याला वाटू लागते.

आणि ते पंधरा फूटही पंधरा राहत नाहीत. प्रत्येक घराचा ओटा, पायऱ्या, गाडी चढवायचा उतार दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट पुढे येतो. उरले अकरा. एका कडेला विजेचा खांब. बंबाची रुंदी आठ फुटांच्या वर आहे, आणि गाडी नुसती आत जाऊन भागत नाही. माणसांना दोन्ही बाजूंची दारे उघडून खाली उतरता आले पाहिजे, कप्पे उघडून नळ्या काढता आल्या पाहिजेत. राष्ट्रीय इमारत संहितेत बंबासाठी ६ मीटर मोकळी वाट, वळायला ९ मीटर त्रिज्या असे आकडे आहेत. कमान असली तर तिच्याखालच्या मोकळ्या उंचीचा आकडा साडेचार मीटरच्या खाली येत नाही. फाटक उघडल्यावर कुंपणाला चिकटून बसावे, वाटेत लोंबकळू नये, हेसुद्धा लिहून ठेवले आहे. हे नियम मुख्यतः उंच इमारतींच्या संदर्भात आहेत, हे खरे. आपली घरे एकमजली-दुमजली. पण येणारा बंब तोच असतो.

काही सभासद म्हणतील, आमचे प्लॉट गुंठेवारीत नियमित झाले आहेत. झाले असतील. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, तेव्हा १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामे त्यात धरली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन घर बांधले त्यांना या कायद्याने मोठा दिलासा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कागद नियमित झाल्याने रस्ता एक इंचानेही रुंद होत नाही. घर एकदा उभे राहिले की मग कोणी कोणाची भिंत पाडायची?

जुन्या वस्त्यांची हीच अडचण असते. मुंबईत काळबादेवीला ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. अरुंद गल्ल्या, खेटून उभ्या इमारती. आग विझवत असताना इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी त्या आगीत गमावले. देशातल्या नावाजलेल्या दलाची, अनुभवी माणसांची ही गत. ती गल्ली कोणी एकाने मुद्दाम अरुंद केलेली नव्हती, शंभर वर्षांपूर्वी गाडी-घोड्याच्या हिशेबाने झालेली होती. आपले प्लॉटिंग मात्र तीन वर्षांपूर्वीचे आहे आणि तिथे त्याआधी ऊस उभा होता.

आता पाण्याचे. पुष्कळांना वाटते, बंब आला म्हणजे पाणी आले. आपल्या बंबात ४,५०० लिटर पाणी मावते. एका मोठ्या नळीने मिनिटाला साडेचारशे लिटर धरले तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. दोन नळ्या लावल्या तर पाच. त्या रात्री बंबाला पाणी आणायला परत कारखान्याच्या स्प्रे पाँडवर यावे लागले. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर. मधल्या वेळात लोक बादल्या घेऊन उभे होते. प्लॉटिंगमध्ये पाण्याची उंच टाकी आहे, काठोकाठ भरलेली होती. पण तिला खाली अर्ध्या-पाऊण इंची नळांचे जाळे, बंबाची नळी बसेल असे तोंड कुठेच नाही. टाकीच्या बुडाशी ६३ मिलिमीटरचे कपलिंग आणि एक व्हॉल्व्ह बसवायला किती खर्च येतो, असे आम्ही कारखान्याच्या पाणीपुरवठा विभागात विचारले. फोरमन हसले आणि म्हणाले, "त्या कलशांच्या रंगापेक्षा कमी."

पुणे-मुंबईकडे ज्यांची मुले नोकरीला आहेत, आणि ज्यांनी इथली जमीन विकून तिकडे फ्लॅट घेतला किंवा घ्यायचा बेत आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. तिकडे आकडे बदलतात, प्रश्न तोच राहतो. इमारतीभोवतीची मोकळी जागा बंबासाठी आणि शिडीसाठी असते. त्या शिडीच्या गाडीला पाय पसरून उभे राहावे लागते. तिथे रंगाचे पट्टे मारून गाड्या लावायची जागा केलेली दिसली तर विचारा. उंची २४ मीटरच्या वर गेली की आसऱ्याची मोकळी जागा लागते, तिला तिकडे रेफ्यूज एरिया म्हणतात. तिथे कोणी कुंड्या-पाळणे लावून बाल्कनी केली आहे का, तेही बघा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्याखाली बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्यांची, म्हणजे सोसायटी झाल्यावर तुमच्या मुलाचीच. त्याला फोनवर एवढेच विचारा, की शेवटचा दाखला कोणत्या महिन्याचा आहे. उत्तर आले नाही तर समजून घ्या.

आणखी एक वसाहत आहे. ती आपण दरवर्षी नव्याने वसवतो आणि तिला वसाहत म्हणत नाही. दिवाळी झाली की बीड, जालना, धाराशिवकडून तोडणीच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या पडतात. वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद, आत चूल, चुलीशेजारी झोळीत पोर, आणि आई-बाप पहाटे फडात. एक कोपी पेटली की वाऱ्याच्या दिशेने ओळच्या ओळ जाते. तळ कुठे टाकायचा, कोप्यांच्या दोन ओळींत अंतर किती ठेवायचे हे मुकादम ठरवतो, आणि मुकादमाला जागा दाखवतात ती आपलीच माणसे. तळाच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट असतेच, कारण बैल आत आणावे लागतात. ती वाट दुप्पट करायला आणि दोन्ही टोकांना मोकळी ठेवायला एकही गुंठा विकत घ्यावा लागत नाही. जागा आपली, हंगामही आपला. या वर्षी तळ आखताना कारखान्याच्या अग्निशमन विभागाचा एक माणूस सोबत असावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. तिचे काय झाले ते पुढच्या अंकात लिहू.

अग्निशमन विभागाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १४ एप्रिलला कारखान्यावर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन या बोटीचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची ती आठवण. दरवर्षी आपण टबात तेल पेटवून फेसाने विझवून दाखवतो, पोरे टाळ्या वाजवतात. यंदा त्याऐवजी बंब घेऊन परिसरातल्या नव्या प्लॉटिंगांतून फिरायचे ठरले. नुसते फिरायचे. कुठे आत जातो, कुठे अडतो, ते लिहून घ्यायचे. ज्यांना आपल्या जमिनीचे रेखांकन करायचे आहे त्यांनी नगररचना कार्यालयाकडे कागद जाण्याआधी नकाशा घेऊन यावे. विभागातला कोणीही त्यावर बंबाची वाट पेन्सिलीने आखून दाखवील. फी नाही. आग लागली तर १०१, आणि तो लागला नाही तर ११२. मगच कारखाना. पुष्कळ लोक आधी नातेवाइकांना फोन करतात, हे त्या रात्रीही झाले.

फेरीची सुरुवात त्याच नगरापासून झाली. कमान आता नाही, म्हणजे वरची तुळई नाही. रहिवाशांची बैठक झाली, दोन तास वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, रस्ता खणून खाली घ्या, नाव काढू नका. शेवटी ज्यांच्या घराला आग लागली होती त्या म्हातारीच्या मुलाने विचारले, "माझ्या आईला बाजेवर आणली तवा ह्या नावाखालनंच आणली न्हवं?" त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही. कारखान्याच्या स्थापत्य विभागाने तुळई उतरवून दिली. खांब तसेच ठेवले आहेत, नाव आता डाव्या खांबावर उभे लिहिले आहे. वाळू-विटा उचलल्या, ट्रॉली मळ्यात गेली.

त्या दिवशी बंब सावकाश आत गेला. बायका दारात उभ्या होत्या, कोणीतरी ड्रायव्हरला चहा आणला. सातवे घर मागे टाकून गाडी थेट शेवटच्या प्लॉटपर्यंत गेली, पुढे चारीचा भराव. तिथे वळायला जागा नाही. ड्रायव्हर खाली उतरला, पावले टाकून मोजले, डोके हलवले आणि शंभर मीटर मागे-मागे गाडी घेत बाहेर आला. मागे एक माणूस हात दाखवत होता तरी एका पायरीची कड फुटलीच. शेवटचे दोन प्लॉट अजून मोकळे आहेत. त्यातला कोपऱ्याचा दीड गुंठा वळणासाठी सोडावा म्हणून मालकांशी बोलणे चालू आहे. मालक आपले सभासद आहेत, आणि त्यांनी विचार करायला आषाढी एकादशीपर्यंतचा वेळ मागून घेतला आहे.